धाकू पाणमांजराची मुकी मोटर

एका जंगलात एक खाडी होती. जंगलात खाडी कुठून आली, असं विचारणाऱ्या शहाण्यांनी मागे जाऊन बसावं. गोष्ट माझी आहे, मला हवी तिथे मी खाडी काढीन.

तर या खाडीत धाकू नावाचं एक पाणमांजर मासेमारी करायचं. त्याची एक छोटी होडी होती, चांगुणा नावाची बायको होती आणि घरभर पिल्लं होती. पूर्वी मासे दारात यायचे. आता ते पार खाडीच्या तोंडाशी गेले होते. तिथवर वल्हवत जाऊन येईपर्यंत धाकूचे खांदे भरून यायचे. हात इतके जड व्हायचे की त्याच्या डोक्यावरची टोपीसुद्धा चांगुणाला काढावी लागायची.

"अहो, आता होडीला मोटर बसवाच," चांगुणा म्हणाली. "खांदे कायमचे गेले तर या पिल्लांना काय घालू मी?"

धाकू बाजारात गेला. तिथे रंगराव रानडुकराचं पेट्रोल मोटरींचं दुकान होतं.

"ही घ्या!" रंगराव म्हणाला. "दोरी ओढली की भट्‌भट् चालू! कितीही ओझं ओढेल, उलट्या पाण्यातही हटणार नाही. पेट्रोल संपलं तर डब्यातलं ओता आणि चला पुढे."

"आणि हा धूर?"

"अहो, धूर म्हणजेच ताकद, धाकूशेठ!"

शेजारी काजव्याचं दुकान होतं. तो बॅटरीच्या मोटरी विकायचा. "धूर नाही, वास नाही, आवाज नाही," तो हळूच म्हणाला. "माशांना कळणारसुद्धा नाही तुम्ही आलात ते."

"पण वाटेत बॅटरी संपली तर?"

काजवा क्षणभर विझला. मग पुन्हा पेटून म्हणाला, "तसं सहसा होत नाही."

धाकू विचारात पडला. आणि मुलांनो, जंगलात कुणी विचारात पडलेला दिसला की त्याला बाहेर काढायला सगळे धावतात. अस्वल म्हणालं पेट्रोल. घुबड म्हणालं बॅटरी. सशाचं मत सगळ्यात ठाम होतं. ससा जन्मात कधी होडीत बसला नव्हता, त्यामुळे त्याला शंका अशी नव्हतीच.

धाकूने मात्र भलताच मार्ग काढला. त्याने दोन्ही मोटरी पाण्यात चालवून पाहिल्या. पेट्रोलची मोटर सुरू होताच मासे सुळकन पसार झाले. बॅटरीची मोटर भरतीच्या उलट्या पाण्यात दमली. पण धाकूला खाडी पाठ होती. ओहोटीबरोबर जायचं आणि भरतीबरोबर यायचं, म्हणजे बॅटरी आरामात पुरते, असं त्याने ताडलं. त्याने बॅटरीची मोटर घेतली.

पहिल्याच दिवशी होडी माशांनी भरली. खांदा जरासुद्धा दुखला नाही. धाकू आनंदाने गाणं गुणगुणत धक्क्याला लागला. पाहतो तर धक्क्यावर चिटपाखरू नाही!

आता इथली रीत ऐका. लांबून होडीची भट्‌भट् ऐकू आली की तात्या बगळा तराजू घेऊन यायचा, गिऱ्हाइकं टोपल्या घेऊन यायची आणि लिलाव सुरू व्हायचा. तांदूळ, मीठ, जाळ्याचा दोरा, सगळं त्या लिलावावरच घरी यायचं. धाकू वल्हवायचा तेव्हा मोठमोठ्याने 'हैऽऽ हो' करत यायचा, म्हणून त्याचंही भागत होतं. आज ना भट्‌भट्, ना हैऽऽ हो. मासे उन्हात पडून राहिले.

धाकूने तात्याला झोपेतून उठवलं.

"काय रे, आज गेला नाहीस?" तात्याने विचारलं.

"गेलो होतो की, तात्या. हे काय मासे!"

"मासे दिसतायत रे. पण तू गेल्याचं ऐकू नाही आलं."

तेवढ्यात भिवा रानबोका आपली पेट्रोलची होडी भट्‌भटवत आला. त्याचं जाळं रिकामं होतं. त्याने धाकूची होडी पाहिली आणि त्याच्या मिशा थरथरल्या.

"गुपचूप जातो, गुपचूप येतो आणि होडी भरून आणतो," भिवा ओरडला. "हा आमच्या जाळ्यातले मासे चोरतो!"

सगळ्यांना पटलं. इतक्या सहज पटलं की धाकूलाही क्षणभर वाटलं, चोरले की काय आपण! पंचायत बसली. आवाज न करता आलेले मासे लिलावात घ्यायचे नाहीत, असं ठरलं. पुन्हा असं केलं तर धाकूची धक्क्यावरची जागाच जाणार होती.

धाकू घरी येऊन रडला. हो, रडला. प्रामाणिकपणे कमावलेलं कुणी चोरीचं म्हटलं की रडू येतं, तुम्हालाही येईल.

"डोळे पुसा," चांगुणा म्हणाली. "त्यांना आवाज हवाय ना? द्या त्यांना आवाज!"

धाकूने रंगरावाकडून एक मोडकी पेट्रोल मोटर आणली. तिचा पंखा तुटला होता, पण ती भट्‌भट् मात्र उत्तम करायची. ती त्याने होडीत नुसतीच ठेवली. मासे धरायचे गुपचूप आणि धक्का जवळ आला की हिची दोरी ओढायची. काय झकास बेत! तात्या तराजू घेऊन धावत आला. लिलाव जोरात झाला.

पण भिवाचे कान तिखट. "धक्क्याजवळ वाजते, खाडीच्या तोंडाशी का वाजत नाही?" त्याने पंचायतीत विचारलं. "मधल्या वेळात हा काय करतो?"

पंचायतीने निकाल दिला. घर सोडल्यापासून धक्क्याला लागेपर्यंत मोटर वाजलीच पाहिजे.

धाकूने जागा वाचवली. तो दिवसभर भट्‌भटत राहिला. खाली बॅटरीची मोटर होडी ढकलायची, वर मोडकी मोटर धूर ओकायची आणि मासे दुसऱ्या खाडीत जायचे. धाकू रिकाम्या होडीने धक्क्याला लागायचा.

आणि काय चमत्कार! सगळे त्याच्याशी गोड बोलू लागले. भिवाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "खाडीत मासाच उरला नाही रे, तुझा काय दोष!" तात्या म्हणाला, "पण मेहनत बघा पोराची! तिकडे डोंगरापर्यंत ऐकू येते." पंचायतीने सभा भरवली आणि जंगलातला सर्वांत कष्टाळू मच्छीमार म्हणून धाकूचा सत्कार केला. भाषण सशाने केलं.

धाकू शाल पांघरून घरी आला. चुलीवर भात झाला होता. पिल्लं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती.

चांगुणाने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग होडीकडे पाहिलं. मग शालीला हात लावून पाहिला.

"हिचं कालवण करू की हिला तळू?" तिने विचारलं.

तात्पर्य: मुलांनो, छोट्या होडीला कुठली मोटर घ्यावी हे अगदी सोपं आहे. मासे हवे असतील तर बॅटरीची घ्या आणि मच्छीमार म्हणून नाव हवं असेल तर पेट्रोलची. दोन्ही हवं असेल, तर आधी दुसरं जंगल शोधा.