वितळला की कळवा

जुन्या झेंड्यांची निगा कशी राखावी, हे मला कुणी शिकवू नये! आमचं झेंड्यांचं संग्रहालय आम्ही हौशी मंडळी चालवतो, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. पगार कुणालाच नाही, त्यामुळे अधिकार सगळ्यांनाच. मी कार्यवाह. म्हणजे कुलूप उघडणं, झाडू मारणं आणि चुकून आलेल्या माणसाला लवकर जाऊ न देणं ही कामं माझ्याकडे.

माणसं येतात ती एकाच झेंड्यासाठी. वादळात बुडालेल्या एका बोटीचा निळा झेंडा. एका खलाशाने तो पोटाला बांधून पोहत किनारा गाठला होता. त्या खलाशाच्या नातीने, म्हणजे आमच्या बोटवाल्या आजींनी, तो आमच्याकडे ठेवलाय. मागतील तेव्हा परत, या अटीवर! तो गेला तर बाकीचे झेंडे बघायला खालचा शिंपीसुद्धा जिना चढणार नाही.

तर एका सकाळी त्या झेंड्यातून एक बारकासा पतंग भुर्रकन उडाला. कसर! कसर लागली म्हणजे झेंड्याची चाळण व्हायला वेळ लागत नाही. पण मी काय घाबरणार? झेंडा पाइपवर गुंडाळला, प्लॅस्टिकमध्ये हवाबंद केला आणि घरी आणून फ्रीज रिकामा करायला घेतला.

"अहो, हे काय चाललंय?" बायको.

"उपचार! काही दिवस गोठवायचं, कसर अंड्यांसकट खलास. मोठमोठी संग्रहालयं हेच करतात."

"मोठमोठी संग्रहालयं मटार ओट्यावर काढून ठेवतात का?"

झेंड्याची घडी घालायची नसते आणि गुंडाळी हातभर बाहेर येत होती. फ्रीजचं दार काही लागेना. मग मी गाठला मेहुणा. त्याचं आइस्क्रीमचं दुकान आहे आणि त्यात माणूस झोपेल एवढाले दोन फ्रीझर! त्यातल्या एकात गुंडाळी आडवी टाकली आणि मी निश्चिंत झालो. माझं निश्चिंत होणं हीच खरी धोक्याची सूचना असते, हे बायकोचं मत.

आणि झालंही तसंच. ध्यानीमनी नसताना आजींचा फोन आला.

"कार्यवाह, पुतण्याची गाडी आज मोकळी आहे. झेंडा न्यायला येतोय."

बायकोला संग्रहालयात बसवलं आणि मी धावत मेहुण्याच्या दुकानात गेलो. बघतो तर एकच फ्रीझर!

"दुसरा कुठाय रे?"

"हॉलवर वाढदिवसाला पाठवलाय, भावोजी. मोठी ऑर्डर होती."

"अरे, त्यात माझा झेंडा होता!"

"असेल की! फ्रीझर मी भरलेलाच पाठवतो. काढ-घाल कोण करणार?"

मी स्कूटरला लाथा घातल्या. ती सुरू होतेय तोवर बायकोचा फोन. "अहो, आजी आल्यासुद्धा! पुतण्याच्या हातात मोजपट्टी आहे. नव्या घरात सोफ्याच्या वर लावणार म्हणे झेंडा!"

"त्यांना बोलण्यात गुंतव!"

"प्रत्येक झेंड्याच्या दोरीची माहिती देतेय. आता दोऱ्या संपत आल्यात!"

हॉलवर पोचलो, तर आचारी माझी गुंडाळी पाटावर घेऊन सुरी परजत उभा!

"एवढा लांब आइस्क्रीमचा रोल पहिल्यांदाच बघतोय, साहेब. जाड कापू की पातळ?"

मी अशी काही किंकाळी फोडली की वाढदिवसाचं गाणं मध्येच थांबलं. गुंडाळी काखेत मारली आणि निघालो. संग्रहालयात शिरलो तेव्हा काख बधिर, दात कडकडतायत आणि डोक्यावरून घामाच्या धारा.

पुतण्याने मोजपट्टी ताणली. "उलगडा बघू."

"मुळीच नाही! गोठलेला आहे. पुरता वितळेपर्यंत प्लॅस्टिक काढलं तर हवेतलं पाणी कापडावर बसेल. वाटच लागेल त्याची!"

"मग तसाच द्या. डिकीत वितळेल."

"डिकीत?" आजी कडाडल्या. "आजोबांनी समुद्रातून वाचवला तो तू डिकीत भिजवणार?" त्यांनी गुंडाळीवर हात ठेवला आणि गारठून काढून घेतला. "राहू दे. कार्यवाह, वितळला की कळवा. मग नेऊ."

वितळला की! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते जिना उतरले आणि मी गुंडाळी घेऊन परत मेहुण्याकडे पळालो.

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. संग्रहालयातला दिवा जरा लुकलुकला की मी मेहुण्याच्या दुकानाकडे पळत सुटतो. फ्रीझरचं झाकण उघडं दिसलं की गिऱ्हाइकांवर ओरडतो. मेहुणा वैतागून गेलाय. पुतण्याचा फोन येतो, "वितळला का?" मी म्हणतो, "अजून चांगला घट्ट आहे हो!" यात खोटं काय आहे?

परवा आजी थेट दुकानातच उभ्या! मी फ्रीझरचं झाकण अंगाने दाबून धरलं.

"आजी, थंडी फार पडलीय हो, म्हणून वितळायला वेळ..."

"बाहेर ऊन मी म्हणतंय," आजी पदराने वारा घेत म्हणाल्या. "मी काय दूधखुळी वाटले तुम्हाला?"

माझा चेहरा खर्रकन उतरला. आजी जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मलाही तो सोफ्यावर नकोय. सोफ्यावर म्हणजे घरातल्यांपुरता! तुमच्याकडे जाणारं-येणारं माणूस बघतं, आजोबांचं नाव निघतं. पण पुतण्याला नाही म्हणवत नाही हो मला. तेव्हा त्याचा हट्ट जाईपर्यंत राहू दे असाच गोठलेला. मी सांगेपर्यंत बाहेर काढलात तर बघा!"

आनंदाने मी त्यांच्या पायाच पडलो. जिंकलो! झेंडा आमच्याकडेच राहिला!

फक्त तो कुणाला दाखवता येत नाही, एवढंच.