संत अंतोनीचं बाळ

सणाच्या दिवशी सकाळी चर्चच्या राखणदाराने संत अंतोनीच्या पुतळ्यावरची चादर काढली आणि फडकं हातात धरून तो तसाच उभा राहिला. संताच्या हातावरचा बाळ येशू गायब होता. नुसता खिळा उरला होता.

"हरवलेलं शोधून देणारा हा संत," फादर कपाळाला हात लावून म्हणाले, "आता याचंच हरवलेलं कुणाकडे मागायचं?"

सुताराने गव्हाणीतलं नाताळचं बाळ आणलं. ते दुप्पट मोठं, वर दोन्ही हात पसरलेले. सुतळीने बांधल्यावर संत बाळाला खेळवतोय की पैलवानाला आवरतोय, ते कळेना. फुलवालीने सुतळी झाकायला फुलं खोचली, तसं बाळ घसरून उलटं लोंबू लागलं.

"तार असेल घरी," म्हणत राखणदार पळाला.

घरी स्वयंपाकघरात त्याची बायको बसली होती. मांडीवर पंच्यात गुंडाळलेला बाळ येशू.

"हे काय केलंस?"

"माझा आणून दे, मग तुझा ने, असं सांगितलंय त्याला."

त्यांचा मुलगा बापाशी भांडून घर सोडून गेला होता. फोन नाही, निरोप नाही. ती दर मंगळवारी संतापुढे मेणबत्ती लावत होती.

"अगं, संताला असं दमात घेतात का?"

"विनवून पाहिलं की दोन वर्षं."

बाळ घ्यायला त्याचा हात काही पुढे होईना. तो तसाच परत गेला.

"मिळाली का तार?" फादरनी विचारलं.

"नाही मिळाली," तो म्हणाला. तार त्याने शोधलीच नव्हती.

शेवटी संत रिकाम्या हाताने उभा राहिला. लोकांची कुजबुज थांबेना, तेव्हा फादर वेदीवरून म्हणाले, "आपलं बाळ हरवलंय. ते सुखरूप घरी यावं म्हणून सगळे मिळून प्रार्थना करू."

सगळं चर्च गुडघ्यावर आलं. मागच्या बाकाशी राखणदाराची बायको पिशवी पोटाशी धरून होती. शेजारी फुलवाली मोठ्याने म्हणत होती, "जिथं असेल तिथं उपाशी नको राहू दे. घरची वाट दाखव त्याला."

दोन वर्षांत घर सोडून गेलेल्या पोराचं नाव कुणी तिच्यापुढे काढलं नव्हतं. बायकोला हुंदका आवरेना.

"अहो ताई, मातीचं बाळ ते," फुलवाली तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेता?"

मिस्साची प्रार्थना संपून चर्च रिकामं झाल्यावर बायकोने स्वतःच पिशवीतलं बाळ काढून खिळ्यावर बसवलं, पंच्याने त्याचं तोंड पुसलं आणि ती घरी गेली.

फादर आले, ते पाहतच राहिले. "बघा काका, मनापासून मागितलं की येतं परत."

"हो फादर," राखणदार म्हणाला. "एक आलं."