रुमालाखालचं बेंगळूर

"तुरीचं पोतं उचलायच्या आधी हमाल निदान 'हूं' तरी म्हनतो. मला तेवढंबी कुनी म्हनंना."

गौरम्मा ज्वारी निवडत होती आणि शिवकांता तिच्या पाठीला पाठ लावून बसली होती. लेक पुटपुटली होती स्वतःशीच. पण पाठीला पाठ लागलेली असली की पुटपुटणं थेट मणक्यात ऐकू येतं. गौरम्मानं सुपातला एक चांगला टपोरा दाणा खडा समजून फेकून दिला आणि काहीच ऐकलं नाही असं दाखवलं.

शिवकांता एमएस्सी झाली होती आणि पुढच्या पीएचडीसाठी तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. दोन्हीकडे शिकायचं तेच, ढगात थेंब कसा धरतो ते. एक ठिकाण बेंगळूर. गुलबर्ग्यापर्यंत एसटी, तिथून एका रात्रीची गाडी, आणि उतरल्यावर आपल्या नात्यागोत्यातली कानडी बोलणारी माणसं. दुसरं अमेरिकेत. तिथं जायला किती वेळ लागतो, हे गौरम्मानं विचारलंच नव्हतं.

खरं तर कुणीच काही विचारत नव्हतं. विचारलं तर पोरगी सांगेल, ही प्रत्येकाला भीती होती.

तशी शिवकांताची मतं घरभर सांडलेली असायची. शिकायची जागा निवडताना इमारत बघू नये, तिथली माणसं कशी आहेत ते बघावं, हे त्यातलंच एक. बेंगळूरच्या सरांनी तिच्या सगळ्या प्रश्नांची चोख उत्तरं पाठवली होती. अमेरिकेतल्या बाईंनी मात्र कळवलं होतं, 'तुझ्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. आलीस तर मिळून शोधू.' त्या दिवशी शिवकांता भांडी घासतानाही गुणगुणत होती.

विरूपाक्षअप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, यात सरळसरळ फसवणूक दिसली. "एवढी शिकलेली बाई अन म्हनती माहीत न्हाई? मग पगार कशाचा घेती?"

"माहीत न्हाई म्हनायचाच, अप्पा. त्याला लई शिकावं लागतं."

अप्पांची लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडत होती. तिथं 'माहीत नाही' म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी कुणी माल आणत नसे.

गौरम्माला मात्र लेकीचं बोलणं ऐकताना छातीत काहीतरी मोठं होत गेल्यासारखं वाटायचं. एकदा टँकरच्या रांगेत घागरी घेऊन दोघी उभ्या होत्या. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. शिवकांता म्हणाली, "अव्वा, नुसत्या वाफेचा थेंब होत न्हाई. तिला धरायला कायतरी लागतंय. धुळीचा कण म्हन, मिठाचा कण म्हन. परत्येक थेंबाच्या पोटात असा एक कण असतो."

गौरम्मानं रस्त्याकडे पाहिलं. लिंबावर धूळ, एसटीवर धूळ, लातूर जिल्हा झाल्यापासून जागोजाग लागलेल्या नव्या कचेऱ्यांच्या पाट्यांवर धूळ. "अगं, मग धूळ तर आपल्याकडं रग्गड हाय की!"

"वाफ न्हाई ना अव्वा. अन कुटं वाफ असूनबी थेंब धरत न्हाई. ते का, हे कुनालाच नीट कळलेलं न्हाई."

त्या दिवशी घरी आल्यावर गौरम्मा पेल्यातल्या पाण्याकडे, पिंडीकडे बघावं तशी, बराच वेळ बघत राहिली. मग हळूच प्याली.

ज्वारी निवडली त्याच्या दुसऱ्या दिवशी रेणापूरहून थोरले दीर सिद्रामप्पा आणि जाऊबाई नागम्मा आले. "पोरीच्या मनासारखं होऊ द्या," असं सगळे म्हणाले आणि लगेच पेंडीच्या भावावर बोलू लागले. दुपार टळली तरी गाडी पेंडीवरून हलेना. शेवटी अप्पांना मोंढ्यातली जुनी रीत आठवली. तिथं जुने लोक सौदा तोंडानं करत नसत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. तिसऱ्याला पत्ता लागत नाही आणि कुणाचं मन दुखत नाही.

"एक बोट म्हंजे बेंगळूर, दोन बोटं म्हंजे अमेरिका," अप्पांनी खांद्यावरचा रुमाल हातावर पसरला. "एकेकानं या."

शिवकांतानं सगळ्यात आधी हात पुढं केला.

"अगं, मालाचा हात रुमालात नसतो बाळा," सिद्रामप्पा मायेनं म्हणाले.

"मी माल हाय का काका?"

"तसं न्हाई गं. रीत हाय."

गौरम्माची पाळी आली. दोन बोटं दाबायची, हे तिनं ठरवून टाकलं होतं. पण रुमालाखाली नवऱ्याचा हात लागला. इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यानं तिचा हात कधी धरला नव्हता. ती अशी काही गांगरली की एक बोट दाबलं गेलं आणि दुसरं उघडलंच नाही. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

"बेंगळूर!" अप्पांनी जाहीर केलं. "सगळ्यांचं एकमत."

"बरं," शिवकांता म्हणाली आणि आत गेली. शेंगदाण्याच्या चटणीत जिरं किती असावं यावरही मत असणारी पोरगी, नुसतं 'बरं'.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण सिद्रामप्पा बसआधी मोंढ्यात चहाला थांबले आणि पुतणी ढगाचं शिकायला बेंगळूरला चालल्याचं सांगून बसले. चहा संपेपर्यंत ती पाऊस पाडायचं शिकायला चालली होती. संध्याकाळी निलंग्याचा एक बागाईतदार येऊन, आपल्या शिवारावर जरा आधी बघा, म्हणून सांगून गेला. सिद्रामप्पांनी निरोप धाडला, घरचं माणूस म्हणून पहिला पाऊस रेणापूरला. कंधारहून एक गृहस्थ तक्रार घेऊन आले, "बीएस्सी नांदेडला केली पोरीनं, अन पाऊस निस्ता लातूर जिल्ह्याला? असं कसं?"

"काका, मला पाऊस पाडता येत न्हाई," शिवकांतानं हात जोडले.

"आता कुठून येईल? शिकून आल्यावर म्हनतोय मी."

असा तो पाऊस पडायच्या आधीच वाटून झाला. जिल्हा नवा होता. सभा घ्यायला मंडळं झाली होती, पण सत्काराला माणसं कमी पडत होती. अडत्यांनी मोंढ्यातच मंडप टाकला. स्टेजवर अख्खं घराणं, मधल्या खुर्चीत शिवकांता, समोर बायाबापड्यांसकट सगळा मोंढा. अध्यक्ष बसलिंगप्पा शाल घालताना म्हणाले, "ही आपली लेक बेंगळूरला जाऊन पाऊस घेऊन येनार हाय!" टाळ्या थांबेनात.

शिवकांता माईकसमोर आली. "मला पाऊस पाडता येत न्हाई," ती म्हणाली, "पन तो कसा तयार होतो, तेवढं सांगते." आणि तिनं सांगितलं. वाफ, कण, थेंब. मग तिचा आवाज बदलला. "एका ठिकाणी तीन मजली उंच खोली बांधली हाय. आत काळोख. हवा थंड करत जातेत, अन त्या बंद खोलीत ढग तयार होतो. खरा ढग! मग उजेडाची एक तिरीप सोडतेत अन एकेक थेंब धरताना डोळ्यानं बगतेत. ढगाच्या पोटात उभं राहून. विचार करा, जे वर फक्त देवाला दिसतं..." ती थांबली.

एक म्हातारा डोक्यावरचा पटका काढून हातात धरून बसला होता. गौरम्मा लेकीकडे बघत होती. या खोलीबद्दल घरात पोरगी कधी अक्षर बोलली नव्हती. बोलणार कुणाशी? तिचा चेहरा असा झाला होता की गौरम्माला वाटलं, ही मी जन्माला घातली?

"वा! वा!" बसलिंगप्पांनी भारावून माईक ओढला. "बगा, बेंगळूरला काय काय हाय!"

"ती खोली बेंगळूरला न्हाई," शिवकांता हळूच म्हणाली. "अमेरिकेत हाय."

"मग तिथंबी बोलवा म्हनावं की एकदा."

"बोलवलंय."

"मग," बसलिंगप्पांनी साध्या भोळेपणानं विचारलं, आणि ते कर्ण्यावरून थेट मोंढ्याच्या टोकापर्यंत गेलं, "मग तू बेंगळूरला कशाला चाललीस?"

शिवकांतानं खाली बघितलं. सिद्रामप्पा हातातल्या नारळाची शेंडी निरखू लागले. नागम्माला खोकला आला. अप्पांनी रुमालानं तोंड पुसायला घेतलं ते पुसतच राहिले.

गौरम्मा उठली. ती आजवर कुठल्या सभेत बोलली नव्हती, आणि माईकपासून किती लांब उभं राहायचं हेही तिला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिचा पहिला शब्द फक्त शिट्टीसारखा निघाला. दुसऱ्यांदा मात्र सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"ती लांब गेली तर आमाला करमायचं न्हाई. म्हनून आमी घरात तिला कुनी विचारलंच न्हाई," ती म्हणाली आणि लेकीकडे वळली. "शिवे, तुला कुठं जायचंय गं?"