कोल्ह्याच्या डोक्यात अंधार

प्राचीन इजिप्तच्या थीब्झ नगरीत ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा निसटत नाही असा एकच पुरुष आहे, असं पाशेदू स्वतःच सर्वांना सांगायचा. पोटापाण्यासाठी तो मृतांच्या चेहऱ्यावर घालायच्या मुखवट्यांच्या कारखान्याची राखण करी. मनाने मात्र गुप्तहेर. त्याची बायको तकात तिथेच मुखवट्यांच्या कापडी थरांना खळ लावायची आणि उरलेल्या वेळात नवऱ्याला आवरायची.

त्या सकाळी हेनुतआजी धापा टाकत आली. तिच्या नवऱ्याची शवपेटी नाईलपलीकडे दफनाला नेणाऱ्या नावेवर चढली होती, आणि कालच रंगवलेला त्याचा सोनेरी मुखवटा मांडणीवरून गायब!

"चेहऱ्याशिवाय पुरलं तर यांचा आत्मा परत आल्यावर शरीर ओळखणार कसा? दुसऱ्याच्याच कबरीत शिरतील गं! जिवंतपणीही घर चुकायचे."

"घाबरू नका," म्हणत पाशेदूने मांडणीवरचं अनुबिस देवाचं कोल्हेतोंड डोक्यावर चढवलं. पुरोहित विधीला घालतात, तेच. "शोधाला कोल्ह्याचंच नाक हवं." आणि तो थेट मडक्यांच्या उतरंडीवर आदळला.

"अहो, दिसतंय ना काही?" तकातने विचारलं.

"मिट्ट काळोख. गुन्हा गंभीर असला की असंच होतं. ऐक, चोर सोन्यासाठी आला होता!"

"सोनं कुठलं? पिवळा रंग होता तो."

"म्हणजे चोर फसला. किंवा शेजारच्या कारखान्याने आपल्यावर जळून नेला."

"ते फक्त मांजरांचे मुखवटे करतात."

"मग म्हातारबुवांनीच नेला! मुखवट्यात फार तरणे दिसत होते. लाजले असतील."

"लाजणाऱ्यातले नव्हते हो ते," आजी म्हणाली.

घाटावरून नावाड्यांच्या हाका येऊ लागल्या. आजी मटकन खाली बसली.

तकातच्या मनात मात्र नवऱ्याचा तो 'मिट्ट काळोख' घोळत होता. कोल्हेतोंडाला गळ्यापाशी भोकं असतात. त्यांतून निदान स्वतःची पावलं तरी दिसायला हवीत. आणि ओल्या रंगावर माशा बसू नयेत म्हणून मुखवट्यावर काहीतरी पालथं घालायची तर कारखान्याची रीतच! तिने पुढे होऊन कोल्ह्याचे दोन्ही कान धरले आणि कोल्हेतोंड वर उपसलं.

नवऱ्याच्या खांद्यांवर, इतका वेळ कोल्हेतोंडात अडकून बसलेला, एक सोनेरी, हसरा, तरुण चेहरा. दाढी जराशी वाकडी.

"अहो!" आजी ताडकन उठली. "इथे लपलात होय? तिकडे नाव खोळंबलीय!" आणि बोलता बोलताच तिला हसू फुटलं, डोळे पाणावले.

"लगेच ओळखलंत ना, आजी?" तकात म्हणाली. "मग त्यांचा आत्माही ओळखेल."

"कुणी हलू नका!" मुखवट्याच्या आतून पाशेदू ओरडला. "चोर अगदी जवळ आहे. मला त्याचा श्वास ऐकू येतोय!"