धूळ बघून भाव

आमच्या शेजारच्या अण्णांच्या घराला चार खिडक्या होत्या आणि चारींचे रंग वेगळे होते. एक पोपटी, एक गुलाबी, एक शेंदरी, आणि चौथीला अण्णा स्वतः 'बहुतेक निळा' म्हणायचे. त्या रंगाचा डबा उन्हात राहून बिघडला होता, म्हणूनच अर्ध्या किमतीत आला होता.

अण्णा मूळचे वैरागचे, सोलापुरात कारकून. पण खरी नोकरी संध्याकाळची. बसप्पांच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन कुठल्या मालावर किती धूळ बसली ते पाहायचं. ते शास्त्र त्यांनी मलाही शिकवलं होतं. नव्या मालावर मालकाचा जीव असतो, तेव्हा भाव विचारायचाच नाही. मग तो माल त्याला दिसेनासा होतो. शेवटी दिवाळीचा माल उतरवायला जागा लागते आणि जुना डोळ्यांत खुपायला लागतो.

"तवा हात लावायचा," अण्णा म्हणायचे. "माल पिकू द्यावा लागतो की."

या पिकण्याच्या नादात त्यांच्या न्हाणीघराला वर्षभर दार नव्हतं. वहिनी आत गेल्या की मोठ्यांदा आरती म्हणायच्या. वहिनींचे मामा आले तेव्हा मामांनाही म्हणावी लागली. अखेर दार आलं, ते हातभर आखूड. खालून पाय दिसायचे.

"आत कोण हाय ते कळतं की," अण्णा म्हणाले.

बसप्पाही कमी नव्हते. अण्णांची नजर ज्या वस्तूवर पडे, तिचा भाव मुद्दाम वाढवायचे. मग तासभर वाद, दोनदा चहा, आणि बहुतेक वेळा अण्णा रिकामी पिशवी घेऊन खुशीत घरी.

एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन बसप्पा गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोनं, गंगव्वांनी, दुकान मोडायला काढलं; माल मिळेल त्या भावात. सगळी आळी अण्णांकडे सल्ल्याला आली. अण्णा आमच्याबरोबर निघाले.

गंगव्वांना फक्त कानडी येत होती. गिऱ्हाईक म्हणेल त्याला त्या मान डोलवत होत्या. एकानं नळाची तोटी चौथाई भावात मागितली. अण्णांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"पितळ हाय हे. पुरा भाव द्या, न्हायतर ठेवा खाली."

तो हसला, तुम्ही हे सांगताय, म्हणाला. अण्णा हसले नाहीत. सगळा माल संपेपर्यंत ते रोज तिथं बसले आणि कुणालाही घासाघीस करू दिली नाही.

मग दुकानाला कुलूप लागलं. संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसून राहायला लागले. वहिनींनी एकदा सुचवलं, बाजारात दुसरं मोठं दुकान आहे, तिथं जाऊन या.

"तितं काय करू?" अण्णा म्हणाले. "भांडायला वळख लागती."