मेबलबाईंचे राहिलेले तीन मैल

“बस गं आत! निमोनिया होऊन मरायचंय का?”

एल्सी थ्वेटने गाडीचं दार उघडून एवढंच म्हटलं आणि मेबल ऑर्मरॉड आत बसली. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

उत्तर इंग्लंडच्या त्या डोंगरांत पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो. थ्वेटांच्या शेताच्या फाटकापाशी दगडी कुंपणाला चिकटून मेबल उभी होती. खिशातल्या नकाशाचा लगदा झाला होता. नाही म्हणायचं तिच्या मनात होतं. पण एक बाई आपल्यासाठी थांबली आहे, दार उघडं धरून स्वतःची सीट भिजवते आहे, अशा वेळी नाही म्हणायला मेबलच्या पिढीला कुणी शिकवलंच नव्हतं. तीन मैलांवरच्या थॉर्नबेक गावातल्या खाणावळीच्या दारात ती उतरली, गरम सूपचा पहिला चमचा तोंडात घातला आणि तिचा हात थबकला.

“अगंबाई! मी गाडीने आले!”

“मग? होडीने येणार होतात?” खाणावळीची मालकीण म्हणाली.

मेबलने ओल्डहॅमच्या कापडगिरणीत एकेचाळीस वर्षं मागासमोर उभं राहून काढली होती. एकाच जागी, एकाच खिडकीसमोर. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिला काय हवं विचारलं, तर ती म्हणाली, “चालायचे बूट.” डोंगरांच्या कण्यावरून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत जाणारी पावणेतीनशे मैलांची पायवाट तिला चालायची होती, प्रत्येक पाऊल स्वतःचं. शेवटच्या गावातल्या खाणावळीत एक वही असे. सबंध वाट चाललेल्यांनीच त्यात सही करायची. निम्मी वाट पायाखाली गेली होती आणि आता मधल्या तीन मैलांचं भोक पडलं होतं.

“करून टाका सही. कुणाला कळणार आहे?” मालकीण म्हणाली.

“मला,” मेबल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती फाटकापाशी परत गेली. मागे जायला गाडी चालते, पुढे जायला नाही, हा तिचा कायदा होता. ती रस्त्याने शंभर पावलं चालली असेल नसेल, तोच टपालाची लाल गाडी शेजारी येऊन थांबली.

“चला आजीबाई, थॉर्नबेकला सोडतो.”

“नको बाळा. मला चालायचंय.”

“लाजता कशाला? मी तिकडेच चाललोय.”

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना कुंपण. टपालवाल्याच्या मागे पाववाला थांबला, त्याच्या मागे दुधाचा ट्रक. एकानेही हॉर्न वाजवला नाही. वाजवला असता तर मेबल भांडली असती. पण सगळे काचेआडून हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत राहिले. आपल्यापायी तीन माणसांचा खोळंबा! मेबल मुकाट्याने पत्रांच्या पिशव्यांमध्ये जाऊन बसली.

दुपारी ती पुन्हा फाटकापाशी उतरली. लांबून एल्सीची गाडी दिसताच कुंपणामागे गवतात आडवी झाली. एल्सीच्या कुत्र्याने तिला दोन मिनिटांत हुडकून काढलं.

“चक्कर आली का गं?” एल्सी किंचाळली. “बोलू नकोस, काही बोलू नकोस!”

मेबलने बोलायचा प्रयत्न केला, पण एल्सीने तिला घोंगडीत गुंडाळून थेट थॉर्नबेकच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, गुडघे ठोकले आणि म्हणाले, “या बाईंना काही झालेलं नाही. हे पाय पंचविशीतले आहेत. तुमचं ब्लडप्रेशर मात्र बघू द्या, मिसेस थ्वेट.”

तोपर्यंत गावभर झालं होतं, की ओल्डहॅमची एक म्हातारी भ्रमिष्टासारखी रोज त्याच फाटकापाशी सापडते. तिसऱ्या दिवशी मेबल बसमधून उतरली, तर एल्सीचा नवरा हरबर्ट ट्रॅक्टर चालू ठेवून तिची वाटच बघत होता. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस.

“बसा, बाई.”

“नाही!”

सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यातलं मेबलचं ते पहिलं मोठ्याने म्हटलेलं नाही होतं. शेजारच्या कुरणातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

“नाही बसणार! एकेचाळीस वर्षं मी एका जागी उभी राहिले हो. आता मला चालू द्या. दया करा नि चालू द्या!”

हरबर्टने ट्रॅक्टरवरून तिच्या बुटांकडे पाहिलं. “बरं,” तो म्हणाला. “चला मग. मी मागून येतो. नाहीतर एल्सी मला घरात घ्यायची नाही.”

मेबल चालू लागली. मागे ट्रॅक्टर, तिच्या पावलांच्या वेगाने. त्याच्या मागे टपालगाडी, मग पाववाला, दुधाचा ट्रक, शेवटी थॉर्नबेकची बस. एकानेही गाडी पुढे काढायचा प्रयत्न केला नाही. बसमधल्या बायकांनी विणकाम काढलं. थॉर्नबेकच्या वेशीवर माणसं जमली होती. आरडाओरडा त्या लोकांच्यात नाही. दोघांनी टाळ्या वाजवल्या, एक म्हातारा “ठीक चाललात” म्हणाला, आणि खाणावळीच्या मालकिणीने चहाचा कप हातात दिला. मेबलला भरून आलं.

“पण आजीबाई,” टपालवाला उतरून म्हणाला, “ती लांबची पायवाट तर डोंगरावरून जाते. फाटकातून आत गेलं की डावीकडे. पाटी आहे की.”

मेबलचा कप बशीवर वाजला. “मग हे तीन दिवस कुणी बोललं का नाही?”



“तुम्ही विचारलं नाहीत,” पाववाला म्हणाला. “आम्हाला वाटलं, तुम्हाला रस्ताच आवडतो. मध्ये कशाला बोलायचं?”

मेबलने चहा संपवला, नाक पुसलं आणि बुटांच्या नाड्या पुन्हा आवळल्या. हरबर्टने नुसती ट्रॅक्टरकडे मान हलवली. मागेच जायचं होतं, म्हणून ती निमूट चढली.

फाटकापाशी त्याने इंजिन बंद केलं आणि तोही खाली उतरला.

“तुम्ही कुठे?”

“येतो. वर कधी गेलो नाही.”

“जन्म इथे गेला ना तुमचा?”

“डोंगर शेजाऱ्याचा आहे,” हरबर्ट म्हणाला. “बोलावल्याशिवाय कसं जायचं?”

“अहो, वाट सगळ्यांची आहे!”

“असं होय?” असं म्हणून तो तिच्या मागून चढू लागला. चढ छातीवर येणारा होता. मेबल पुढे, तो धापा टाकत मागे. माथ्यावर पोचले तेव्हा ढग फाटले. खाली सबंध दरी उन्हात उघडी पडली: नदीचं वळण, कुरणांवर शिवण घातल्यासारखी दगडी कुंपणं, त्यांच्यात काडेपेटीएवढं थ्वेटांचं घर, अंगणात कपडे वाळत घालणारी ठिपक्याएवढी एल्सी. पलीकडून उतरून गाव गाठायला अजून दीड मैल होता, पण तो आता मेबलकडून कुणी हिरावून घेणार नव्हतं. तिथवर गाडी चढतच नव्हती.

हरबर्टने टोपी काढली. पासष्ट वर्षांत पहिल्यांदाच तो आपलं घर वरून बघत होता. वारा वाहत होता. मेबल गप्प उभी राहिली. अशा वेळी माणसाच्या मनात काय येत असेल, त्यात आपण पडू नये, एवढं तिलाही कळत होतं. पुष्कळ वेळाने त्याने घसा साफ केला.

“छपराला,” तो म्हणाला, “रंग द्यायला हवाय.”