आकाशातली शिवण

शिंपीकाका समुद्राकडे पाठ करून, बायकोचा फोटो नाकासमोर धरून मागे मागे सरकत होते. मागे दगडधोंडे आहेत याची काळजी मुलीने वाहायची. लग्नाआधी जिथे उभी राहून तिने हा फोटो काढून घेतला, तिथेच उभं राहून त्यांना तिचा निरोप घ्यायचा होता. ती जाऊन चार महिने झाले होते. "यंदा दीपगृह बघायला जाऊ," असं ते दरवर्षी म्हणत, आणि दरवर्षी तिचं उत्तर ठरलेलं असे. "माझं बघून झालंय. तुम्ही गिऱ्हाइकांचे कपडे द्या वेळेवर."

गाईडने बंदराचा इतिहास सुरू केला, तेव्हा काकांनी त्याला हातानेच थांबवलं. "ते राहू द्या. आधी जागा शोधा."

फोटोत तोफ दीपगृहाच्या उजवीकडे होती, इथे डावीकडे. काकांनी खिशातून टेप काढली. एक टोक मुलीच्या हातात, दुसरं गाईडच्या. मोजता मोजता तिघं साखळीपलीकडे गेले. पहारेकरी शिट्टी फुंकत आला आणि फोटो बघून तोही शोधायला लागला. मागे दोन सहली खोळंबल्या.

"काका, ही तोफ दोनशे वर्षांत हललेली नाही," गाईड काकुळतीला आला.

"मग दीपगृह हललं असेल."

"बाबा, फोटो उलटा छापला असेल," मुलगी म्हणाली.

"तिच्या पोलक्याची बटणं बायकी बाजूलाच आहेत. उलटा नाही."

"चौकटीतून काढून बघा की नीट," पहारेकरी म्हणाला.

तीस वर्षं तो फोटो मशीनच्या वर उंच टांगलेला होता. मान वर करून बघायला काकांना फुरसत मिळाली नव्हती. त्यांनी फोटो चौकटीतून काढून बारीक कामाचा चष्मा लावला, आणि त्यांचं बोट आकाशावर अडलं.

"काय झालं, बाबा?"

"आकाशाला शिवण आहे गं. दोन कापडं जोडलीयेत. तीही वाकडी."

फोटोवाल्याचा रंगवलेला पडदा होता तो. ती इथे कधी आलीच नव्हती. तीस वर्षं काकांनी तिचं म्हणणं खरं मानलं होतं, कारण ते सोयीचं होतं. त्यांना रडू आवरेना. पहारेकऱ्याने शिट्टी खिशात टाकली.

बऱ्याच वेळाने काकांनी डोळे पुसले आणि फोटो समुद्राकडे तोंड करून छातीशी धरला.

"आता सांगा," ते गाईडला म्हणाले. "पहिल्यापासून, जरा सावकाश. हिची पहिलीच वेळ आहे."